जाड केसांचं कुत्रं घरी विंचरताय? या चुका टाळा

मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ च्या पुढे गेला की लोकमान्यनगरातून फोन सुरू होतात, "काकू, गोल्डन रिट्रीव्हरला फार उकडतंय हो, केस कापायचं मशीन फिरवून टाकू का?"

नका फिरवू. हात जोडून सांगते. गोल्डन, हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन, सगळ्यांना केसांचे दोन थर असतात. आत दाट मऊ लव आणि वर लांब राठ केस. वरचा थर ऊन कातडीपर्यंत पोचू देत नाही. अंगातली उष्णता कुत्रा मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो, त्यामुळे केस काढून त्याला माणसासारखा गारवा मिळत नाही. सुटलेली लव विंचरून काढा, तेवढ्यानेच हवा खेळते.

आमच्या गल्लीतल्या एका पॉमेरेनियनचं उन्हाळ्यात मुळापासून मुंडण केलं. आठवड्यात पाठ लालबुंद, खाजवून खाजवून कातडी सोललेली. दिवाळी आली तरी कमरेवर टक्कल होतं, आणि पुढे जे केस आले ते कापसासारखे भुसभुशीत, हात लावला की गुंतणारे. बिचारं पिल्लू कोणी जवळ आलं की पाठ चोरायचं. एका दुपारच्या सोयीसाठी हे सगळं!

दुसरी चूक म्हणजे आधी आंघोळ आणि मग विंचरणं. ओला गुंता आवळत जातो, वाळला की त्याची गाठ सुटत नाही. नवशिक्यांना घाई फार. वरून ब्रश फिरवला, केस चमकले, झालं! कानामागे, बगलेत, पट्ट्याखाली, मागच्या मांड्यांवर बोटं घालून बघा, तिथे गाठी बसलेल्या असतात. मी डाव्या हाताने केस वर दाबून धरते, कातडीची रेघ दिसली की तिथूनच एकेक बट खाली सोडत विंचरते. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच बादली भरते.

गाठीला कात्री लावू नका, कातडी गाठीत ओढलेली असते आणि तीच कापली जाते. कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवा.

आपला शाम्पू त्यांना नको. गोचिडांवर रॉकेल तर मुळीच नको.

पावसाळ्यात नुसतं टॉवेलने पुसून सोडू नका. वरचे केस कोरडे दिसतात, पण लव ओलीच राहते आणि खाली चिघळतं. ड्रायर गार हवेवर ठेवा आणि केस फाकवून मुळाशी बोट लावून बघा. ओल लागली तर अजून थोडा वेळ फिरवा.