दिवसभर तरतरी टिकवायची तर सुरुवात उठण्याच्या वेळेपासून

दुपारी तीनच्या सुमारास डोळे मिटायला लागले की बहुतेक जण चहा-कॉफीकडे वळतात. तेवढ्यापुरती हुशारी येते, पण त्या थकव्याचं मूळ बहुधा आदल्या रात्रीत किंवा त्याच दिवशीच्या सकाळीत असतं. म्हणून खालच्या सवयी दिलेल्या क्रमानेच लावा. एक अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे द्या, मगच पुढची धरा. सोमवारी सगळं एकदम सुरू केलं की गुरुवारपर्यंत सगळं एकदम सुटतं.

आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा. सकाळी १०, दुपारी १, ४ आणि संध्याकाळी ७ वाजता अंगातल्या उत्साहाला १ ते ५ पैकी गुण द्या. शेजारी झोपेची वेळ आणि चहा-कॉफीची वेळ लिहा: ‘मंगळवार, दिवा बंद ११.४०, उठणे ६, कॉफी ४ वाजता, गुण ३-३-१-२.’ अशा सात ओळी झाल्या की आपली खरी अडचण कुठे आहे ते दिसतं.

पहिली पायरी: उठण्याची वेळ पक्की करा

झोप ठरवून येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून सुट्टीच्या दिवशीही पाळता येईल अशी वेळ निवडा. रोज ६ वाजता उठणाऱ्याने सुट्टीला ९ पर्यंत लोळलं की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्या रात्री वेळेवर झोप लागत नाही आणि कामाचा पहिलाच दिवस जड जातो. फरक एका तासाच्या आत ठेवा.

मग उठण्याच्या वेळेतून ८ तास मागे मोजा आणि तेव्हा दिवा बंद करा. प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप लागते, पण अंथरुणात घालवलेला सगळा वेळ काही झोपेत जात नाही. वरचा तास त्यासाठी. सध्या उशिरा उठत असाल तर दर तीन-चार दिवसांनी गजर १५ मिनिटं अलीकडे घ्या. एकदम दीड तास आधीचा लावला तर रात्री झोप लवकर येत नाही, सकाळी मात्र उठावं लागतं, आणि बेत पहिल्याच आठवड्यात बारगळतो.

उठल्यावर १५ ते ३० मिनिटं डोकं जड वाटणं नेहमीचंच आहे. झोप चांगली झाली की नाही, हे त्यावरून ठरवू नका.

दुसरी: तासाभरात उजेडात जा

घरातला दिवा आपल्याला लख्ख वाटतो, पण तो साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. ढगाळ आकाशाखालीही काही हजार लक्स मिळतात. स्वच्छ उन्हात हा आकडा १ लाखाच्या आसपास जातो. डोळ्यांतल्या काही पेशी हा उजेड टिपून मेंदूतल्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याचा निरोप देतात, आणि रात्री झोप कधी येणार हेही बरंचसं त्यावर ठरतं. ऊन असेल तर १०-१५ मिनिटं, ढगाळ असेल तर अर्धा तास बाहेर राहा. गॉगल नको, आणि सूर्याकडे थेट पाहायचंही नाही. खिडकीच्या आत बसून तेवढा उजेड मिळत नाही.

तिसरी: कॅफीनला वेळेची मर्यादा

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन हे झोप आणणारं रसायन साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफीन ते घालवत नाही, फक्त त्याची जागा अडवून बसतं. असर ओसरला की साठलेला थकवा एकदम समोर येतो. शरीरातलं निम्मं कॅफीन निघून जायला साधारण ५-६ तास लागतात, म्हणजे ४ वाजताच्या कपातलं निम्मं रात्री १० वाजता अंगात असतं. ‘मला कॉफीने काही होत नाही, पडल्या पडल्या झोपतो’ म्हणणाऱ्यांचीही झोप उथळ होऊ शकते. ती त्यांना कळत नाही इतकंच.

झोपण्याआधी ८-९ तास शेवटचा कप. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली जाते, गरोदरपणी २००. एका मोठ्या कप कॉफीत सुमारे १०० मिलिग्रॅम असतं, चहात त्याच्या निम्मं धरा. सवय कमी करताना दर दोन-तीन दिवसांनी अर्धा कप घटवा. एकदम सोडलं की डोकं दुखतं आणि माणूस पुन्हा कपाकडे वळतो.

चौथी: दुपार सांभाळा

दुपारी १ ते ३ च्या दरम्यान येणारी सुस्ती शरीराच्या घड्याळातच असते. जेवण टाळलं तरी ती येते, फक्त भरपेट आणि पिष्टमय जेवणाने जास्त जाणवते. ताटाचा अर्धा भाग भाज्या, पाव भाग प्रथिनं (डाळी, अंडी, मासे वगैरे) आणि पाव भाग धान्य असा ठेवा. भाज्या आणि प्रथिनं आधी, धान्य शेवटी खाल्लं तर रक्तातली साखर कमी उसळते. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात.

तरीही डोळे मिटत असतील तर ३ वाजायच्या आत २० मिनिटांचा गजर लावून डुलकी काढा. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की गाढ झोप लागते, आणि त्यातून उठवलेला माणूस आधीपेक्षा जास्त मरगळलेला असतो. रात्री झोप लागत नसेल तर ही डुलकी तुमच्यासाठी नाही.

पाचवी: हालचाल आणि पाणी

दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन-तीन मिनिटं फिरा. व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं हवा, पण थकलेल्या माणसाने रोज १० मिनिटं चालण्यापासून सुरू करावं. झोप अपुरी असताना जोरदार व्यायाम लावून घेणारे दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठत नाहीत आणि व्यायामालाच दोष देतात.

पाण्याचे पेले मोजत बसू नका. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरतंय, गडद झाली तर वाढवा.

सहावी: रात्र

झोपण्याआधी तासभर दिवे मंद, खोली अंधारी आणि गार. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप सारखी मोडते. वीस-एक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करा. घड्याळ पाहू नका.

सवयींनी भागत नाही तेव्हा

महिनाभर हे नीट पाळूनही थकवा तसाच असेल तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर या तपासण्यांबद्दल विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, तो फेरिटिनमध्ये दिसतो. मनाने लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नका, जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. लोह कमी असेल तर जेवणासोबतचा चहा बंद करून तासाभराचं अंतर ठेवा. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडखळणं असेल तर आठ तास झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. त्याचा उपचार वेगळा आहे. अॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही सुस्ती येते, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्या. कशातच मन लागत नाही ही अवस्था दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर तेही डॉक्टरांना सांगा. छातीत दुखणं, धाप लागणं, ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं यांपैकी काही असेल तर महिनाभर थांबायचं नाही.