थंडीत रानात बाळगायचं मध्यम रिव्हॉल्वर: निवडताना या चुका टाळा

अलास्कातल्या फेअरबँक्समध्ये हिवाळ्यात पारा उणे 40 पर्यंत उतरतो. तिथे सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अस्वलं तेव्हा झोपलेली असतात. खरी धास्ती मूसची, म्हणजे इथल्या अवाढव्य हरणाची. खोल बर्फात चालून दमलेला मूस माणसांनी तुडवून घट्ट केलेल्या पायवाटेवर येऊन उभा राहतो, आणि तुमची कुत्री भुंकली तरी वाट सोडत नाही. मग शरद ऋतूचा शेवट आणि एप्रिल-मे, तेव्हा अस्वलंही फिरत असतात आणि गारठाही असतो. म्हणून इथे बरेच जण बाहेर पडताना हँडगन जवळ ठेवतात. इथे राहायला आलेली आपली मराठी मंडळी मला विचारतात, कुठलं घेऊ? माझं उत्तर गेली काही वर्षं तेच आहे: मॉडेल नंतर ठरवा, आधी हातमोजे घाला.

सगळ्यात मोठी चूक दुकानातच होते. दुकान उबदार, हात उघडे, अंगात साधा शर्ट. मूठ हातात छान बसते, ट्रिगर गुळगुळीत लागतो, पैसे देऊन माणूस बाहेर. जानेवारीत तेच रिव्हॉल्वर जाड हातमोज्यातून धरलं की बोट ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, कसंबसं शिरतं. शिरलं तरी पुढचा घोळ असतो. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे नुसता ट्रिगर ओढून बार काढताना, प्रत्येक बारानंतर ट्रिगर पूर्ण पुढे यावा लागतो, तरच पुढच्या खेचेला सिलिंडर (काडतुसं बसतात तो गोल भाग) फिरतो. मोज्याचं जाड कापड ट्रिगर आणि गार्डच्या पुढच्या कडेमध्ये अडकलं की ट्रिगर अर्ध्यावरच थांबतो. तुम्ही पुन्हा खेचता आणि काहीच होत नाही. उघड्या हाताने कितीही सराव केला तरी हा दोष दिसत नाही.

म्हणून दुकानात जाताना हिवाळी जाकीट आणि नेहमीचे हातमोजे घेऊन जा. शस्त्र रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, दुकानदाराची परवानगी घ्या, आणि मोजे घालून सुरक्षित दिशेला सलग सहा वेळा ट्रिगर ओढा. एकदा जरी अडकला तर ते शस्त्र किंवा तो मोजा, दोन्हीपैकी एक बदला. मी स्वतः आत पातळ लोकरी मोजा आणि वर दोरीने गळ्यात अडकवलेला मिटन (चार बोटं एकत्र राहतात तो जाड मोजा) वापरतो. मिटन झटकला की लोंबतो, हात पातळ मोज्यात मोकळा राहतो. अगदी उघडा हात मात्र नको. कडाक्याच्या थंडीत ओलसर कातडी धातूला चिकटते. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अंगठ्याने मागे ओढून बार काढायची सवयही इथे सोडा. मोज्यातला अंगठा निसटतो.

मध्यम म्हणजे नेमकं काय, हेही सांगतो. .357 मॅग्नमचं, चार इंच नळीचं, सहा (काहींत सात) गोळ्यांचं. रुगर जीपी100, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 686 किंवा जरा सडपातळ मॉडेल 66, कोल्ट पायथन. वजन साधारण एक किलो ते सव्वा किलो. .357 मॅग्नम 1935 सालचं काडतूस. या रिव्हॉल्वरमध्ये .38 स्पेशलही चालतं, त्यामुळे सराव स्वस्तात आणि कमी धक्क्यात होतो. माझ्या मते एकाच शस्त्रावर भरपूर सराव करू इच्छिणाऱ्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा आहे. तपकिरी अस्वलांच्या भागात राहणारे मात्र .44 मॅग्नमच पसंत करतात. ते जड आहे, धक्काही मोठा. पहिला बार झाल्यावर दुसरा नेमका बसवता येत नसेल तर ती ताकद फुकट जाते. तुमच्या मोज्यातल्या हाताला काय झेपतं ते रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, बघा.

उलट टोकाची चूक म्हणजे अगदी हलकं रिव्हॉल्वर घेणं, दिवसभर ओझं नको म्हणून. हलक्या चौकटीत जड गोळ्यांचं काडतूस भरलं की प्रत्येक धक्क्याला उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी पुरेशी सरकली की तिचं टोक सिलिंडरच्या पुढे येतं आणि सिलिंडर जागीच अडतो. हे हाताने सोडवणं बाहेर बर्फात अशक्यच. तपासायचं सोपं आहे: सिलिंडर पूर्ण भरा, रेंजवर एक सोडून बाकी सगळ्या गोळ्या उडवा, उरलेलं काडतूस काढून त्याची लांबी न वापरलेल्या काडतुसाशी ताडून बघा. लांब झालं असेल तर ते काडतूस त्या शस्त्रात बाळगू नका.

ट्रिगर हलका करायला म्हणून स्प्रिंग बदलणाऱ्यांना तर मी हात जोडतो. रेंजवर मजा येते, पण हॅमरचा घाव मंद होतो. त्यात थंडीने घट्ट झालेलं तेल आलं की प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) बारीकसा खळगा पडतो आणि बार होत नाही. मूळ स्प्रिंग ठेवा, बोट सवयीने बळकट करा.

तेलाबद्दल आपल्याकडची सवय इथे उलटी पडते. दमट हवेत लोखंडाला भरपूर तेल चोपडायची शिकवण आपण कोकणातून, पावसाळ्यातून घेऊन येतो. इथे जुनं तेल आणि ग्रीस थंडीत खळीसारखं घट्ट होतं. हिवाळ्याआधी शस्त्र पूर्ण डीग्रीज करून घ्या, म्हणजे जुनं तेल-ग्रीस काढून टाका, आणि कमी तापमानासाठी बनवलेल्या सिंथेटिक तेलाचा हात फक्त फिरवा, थेंब गळता कामा नये. काही जण कोरडं ग्रॅफाइट वापरतात. स्टेनलेसची चौकट असेल तर गंजाची काळजी पुष्कळ कमी होते, पूर्ण जात नाही.

ओलाव्याचा धडा मी नको तसा शिकलो. पहिल्याच हिवाळ्यात उणे 30 मधून घरात आलो, होल्स्टर (शस्त्राचं म्यान) खुंटीला टांगलं, चहा टाकला. मिनिटभरात रिव्हॉल्वर पांढरंफटक झालं, पावडर लावल्यासारखं. मग ते दव वितळून थेंब झाले. वरवर पुसलं आणि तासाभराने तसंच घेऊन कुत्र्यांना फिरवायला निघालो. वाटेत सहज सिलिंडर उघडायला गेलो तर लॅच, म्हणजे तो उघडायची कळ, दबेना. पुंगळ्या बाहेर ढकलणारी चांदणी असते ना, एक्स्ट्रॅक्टर, तिच्याखाली पाणी शिरून गोठलं होतं. ट्रिगरही अर्ध्यात दगडासारखा. सुदैवाने तेव्हा समोर काही नव्हतं, पण घरी येईपर्यंत माझ्या पोटात गोळा होता.

आता पद्धत ठरलेली आहे. बाहेरच, थंडीतच, शस्त्र रिकामं करून हवाबंद झिप पिशवीत घालायचं, आत आणून कुलपात ठेवायचं आणि पिशवी काही तास उघडायची नाही. दव पिशवीच्या बाहेरून जमतं, धातू कोरडा राहतो. रोज आत-बाहेर करायचं असेल तर न तापवलेल्या पडवीत कुलूपबंद पेटीत ठेवणं त्याहून बरं. घरात मुलं असतील तर कुलपाशिवाय एक मिनिटही नाही.

होल्स्टरमध्येही हाच विचार. कोटाच्या आत अंगाला लागून ठेवलं की घामाची वाफ लागते, काढायला तीन चेन उघडाव्या लागतात, आणि बाहेर काढताच ते गार पडतं. कमरेला बांधलं की पाठपिशवीचा पट्टा त्यावर बसतो. मी छातीवरचं होल्स्टर कोटाच्या वरून बांधतो, झाकण असलेलं. दिवसभर शस्त्र बाहेरच्या हवेइतकंच थंड राहतं, म्हणून दव धरत नाही. पडलात तर मात्र थांबा आणि तपासा: सिलिंडर उघडा, सगळी काडतुसं काढा, मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का बघा. नळीत बर्फाचा बोळा असताना बार केला तर नळी फुगते, फुटतेही.

कायद्याकडे दुर्लक्ष करणं ही आपल्या लोकांकडून होणारी वेगळी आणि महागात पडणारी चूक. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने शस्त्र बाळगायला साधारण मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, म्हणून मित्राचं शस्त्र ‘जरा हातात’ घेण्याआधीही वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. अलास्कात 21 वर्षांवरच्या पात्र माणसाला झाकून बाळगायला परवाना लागत नाही, पण पोलिसाने थांबवलं तर तुमच्याजवळ शस्त्र असल्याचं लगेच स्वतःहून सांगावं लागतं. स्वसंरक्षणात प्राणी मारला तर 15 दिवसांत वन्यजीव खात्याला कळवायचं असतं. अस्वल असेल तर कातडं आणि कवटी काढून सरकारजमा करायची. आणि अमेरिकेच्या खालच्या राज्यांतून गाडीने अलास्काला येण्याचा बेत असेल तर हँडगन गाडीत ठेवू नका. मध्ये कॅनडा आहे, आणि त्यांनी 2022 पासून हँडगन आणण्यावर कडक बंदी घातली आहे.

रिव्हॉल्वर असलं तरी बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) मी सोडलेला नाही. बहुतेक प्रसंगांत तोच आधी हातात यावा असं मला मनापासून वाटतं. फक्त डबा थंड झाला की आतला दाब उतरतो आणि फवारा जवळच पडतो. म्हणून रिव्हॉल्वर कोटाबाहेर आणि स्प्रे कोटाच्या आत, डाव्या खिशात, जिथे मिटन काढला की हात आपोआप जातो.