चाळ रिकामी होण्याआधी ट्रंकेतले कागद कसे वाचवावेत

पुनर्विकासाची नोटीस लागली की आमच्या लालबागच्या चाळींत सर्वांत आधी भंगारवाला फेरी मारतो. पितळेची घागर, जर्मनची पातेली वजनावर जातात आणि माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद त्याच हिशेबात रद्दी म्हणून जातात. संक्रमण शिबिरातल्या खोलीत ट्रंक ठेवायला जागा नसते, हेही खरं. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बसून असे कागद वाचवायचं काम करतो. मुंबईत जुन्या इमारतींच्या जतनासाठी १९९५ पासून नियमावली आहे, त्यांना श्रेणी मिळते. ट्रंकेला कुठलीच श्रेणी नाही. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच सांभाळायची आहे, आणि ते जमतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी कुणाकडे काय आहे ते विचारा. ‘ऐतिहासिक कागद आहेत का?’ असं विचारलंत तर सगळे ‘नाही’ म्हणतील. गिरणीचं हजेरीचं तिकीट, बदली कामगाराचं कार्ड, भाड्याच्या पावत्या, मनिऑर्डरीच्या पावत्या, गावाहून आलेली पोस्टकार्डं, भजनी मंडळाची वही, अशी नावं घेऊन विचारा. गणेशोत्सव मंडळाचे जुने अहवाल तर हमखास मागा. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून गल्लोगल्ली मंडळं झाली आणि बहुतेकांनी जमाखर्च छापला. त्यात वर्गणीची यादी खोली क्रमांकासकट असते. कुठल्या खोलीत कोण राहत होतं, कोपऱ्यावर कुणाचं सलून होतं, कुणाची पिठाची गिरणी होती, हे त्या यादीत आणि मागच्या जाहिरातींत सापडतं. इतर कुठे सापडणार नाही.

ट्रंक उघडलीत की पहिली पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नका. वरून फोटो काढा. मग एकेक थर उचलताना प्रत्येक थराचा फोटो काढा. पोस्टकार्डं एकीकडे, पावत्या एकीकडे, असे गठ्ठे करायचा मोह आवरा. हे मी का सांगते ते एका वहीवरून सांगते.

आमच्या मागच्या चाळीत एक मावशी खाणावळ चालवायच्या. गिरणगावात एकटे राहणारे गिरणी कामगार अशाच बायकांकडे जेवायचे. या बायकांसाठीच प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मावशींची वही लाल कापडी बांधणीची, लांबट. एका पानावर एका माणसाचं खातं. दोन वेळच्या जेवणाच्या खुणा, महिन्याच्या शेवटी जमा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. वहीत ते असं दिसतं: फेब्रुवारीपासून जमेची बाजू कोरी, खुणा मात्र चालू. मग एकेका पानावर पेन्सिलीनं एकच शब्द, ‘गावी’. आमच्यातल्या एकानं तो डाग समजून खोडायला खोडरबर हातात घेतलं होतं.

एका पानात एक पोस्टकार्ड होतं. ‘मावशी, तुमचे पैसे बुडवणार नाही.’ खाली सही नुसती ‘तुमचा भाऊ’. नाव नाही, पत्त्याच्या बाजूचा शिक्का पुसट. ते कार्ड पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात गेलं असतं तर कायमचं निनावी राहिलं असतं. ते ज्या खात्यात होतं त्यावरून माणूस कळला. कागद कुठे ठेवलेला होता, ही त्या कागदावरची न लिहिलेली ओळ असते. म्हणून आमच्या गटाचा नियम असा: सापडलं त्याच क्रमानं नोंद, त्याच क्रमानं ठेवण. मधून काही काढावंच लागलं तर तिथे पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी घालायची. पेन जवळपास ठेवायचंच नाही.

आता साफसफाई. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, तेवढं कागदाला पुरतं. हातमोज्यांनी ठिसूळ कडा कळत नाहीत आणि कागद फाटतो. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र मोजे घाला. रंगकामाचा रुंद, मऊ, कोरा ब्रश घ्या आणि बांधणीकडून बाहेर असा हलका फिरवा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका. खाली प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, टाचणीचे पाय उलथे करा, मग ती आपसूक सुटते. रबरबँड वितळून चिकटला असेल तर कोरडा होऊन तुकडे पडू लागल्यावरच काढा.

लॅमिनेशन करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. माझ्या वडिलांचं गिरणीच्या साचेखात्यातलं (विणकामाच्या विभागातलं) तिकीट घरच्यांनी प्रेमानं झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलं. उष्णतेनं प्लॅस्टिक कागदात मुरलं, आता ते सुटत नाही आणि आत कागद तपकिरी होत चाललाय. सेलोटेपचंही तसंच: टेप गळून पडते, डिंकाचा पिवळा पट्टा राहतो. फाटलेलं फाटलेलंच असू द्या, तुकडे एका पाकिटात ठेवा.

पावसाळा हा आपला खरा शत्रू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरभर घरोघरी कागद भिजले आणि लोकांनी ते उन्हात वाळवले. उन्हात कागद वेडावाकडा होतो, शाई उडते. पंख्याखाली सावलीत, पानांमध्ये टीपकागद घालून, टीपकागद बदलत वाळवा. दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे गठ्ठा मोठा असेल आणि हात कमी असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीनं थोडे थोडे काढून वाळवा. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्यानं आम्हाला एकदा अख्खा एक कप्पा दिला होता. बुरशी आलेला कागद मात्र लगेच वेगळा करा, मास्क लावा, पूर्ण वाळल्यावर उघड्या गॅलरीत ब्रशनं झाडा.

ठेवायला महागडे खोके नसले तरी चालतं. जुन्या दफ्तरांत कागदांच्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात, कारण ते कापडात बांधलेले असत. पांढरं मलमल आणा, दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा, कारण खळीवर कसर येते. त्यात बांधा, गाठ सैल ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर हवा. डांबरगोळ्या नकोत. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की रुमाल सोडून एक दिवस मोकळे ठेवा.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात: ६०० डीपीआय, पाठपोट दोन्ही बाजू, कोरी बाजूसुद्धा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा.

स्कॅन व्हॉट्सॲपवर टाकायची घाई करू नका. खाणावळीच्या वहीत कुणाची किती उधारी होती ते आहे, आणि त्यांची नातवंडं याच गल्लीत राहतात. आम्ही घरच्यांना विचारल्याशिवाय एकही नाव बाहेर देत नाही.

मूळ वस्तू मालकाकडेच परत जाते. फार नाजूक असेल आणि घरचे तयार असतील तरच आम्ही संस्थेचा विचार करतो. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी १८०४ पासून. तिथे जाऊन नीट बोला, त्यांनी कागद घेतले तर तसं लेखी घ्या.

परत देताना यादीच्या दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या. मावशींकडे वही घेऊन गेलो तेव्हा रेकॉर्डर चालू ठेवला, पंखा बंद केला आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. प्रश्न विचारले नाहीत. त्या पान उलटत नावं वाचत गेल्या. पोस्टकार्डाच्या पानावर थांबल्या. म्हणाल्या, ‘हा आला होता. शिमग्याला आला, सगळे दिले, वर काजू दिले.’ वहीत त्याची जमा कुठेच नाही. आम्ही ते वाक्य यादीत त्या पानाच्या नोंदीखाली पेन्सिलीनं लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं आणि मग सही घेतली.