पगाराच्या यादीशी ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि बाकीची खाती कशी जोडावीत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या मध्यम कारखान्यात माणसांची नोंद किमान चार ठिकाणी असते: पगाराचं सॉफ्टवेअर, ऑफिसच्या संगणकांवरच्या लॉगिनसाठी मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (पुढे एडी), ईमेल आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशीन. माणूस रुजू झाला की चारही ठिकाणी नाव चढतं, कारण त्याशिवाय त्याचं काम सुरू होत नाही. नोकरी सोडली की पगार तेवढा थांबतो. बाकीची खाती चालूच राहतात, कारण ती बंद न केल्याने कोणाचं काही अडत नाही. परदेशी खरेदीदाराचं ऑडिट लागलं की नेमकी हीच खाती सापडतात.

यावर उपाय म्हणजे मध्ये एक आयडेंटिटी मॅनेजमेंट सॉफ्टवेअर बसवणं, म्हणजे एका ठिकाणची नोंद पाहून बाकीची खाती उघडणारं आणि बंद करणारं सॉफ्टवेअर. इथे मिडपॉइंट धरून लिहिलं आहे. ते मुक्तस्रोत आहे आणि डेटाबेस टेबल, एलडॅप (खात्यांच्या डिरेक्टरीशी बोलायची पद्धत), एडी व सीएसव्ही यांचे कनेक्टर, म्हणजे त्यांच्याशी जोडणारे भाग, त्याच्यासोबतच येतात. दुसरं सॉफ्टवेअर वापरलंत तर मेनू बदलतील, निर्णय हेच राहतील.

आधी मालकी ठरवा

इन्स्टॉलेशनच्या आधी एचआर, लेखा विभाग आणि आयटी यांना एका टेबलाशी बसवून प्रत्येक माहितीचा मालक, म्हणजे ती कुठे बदलायची ते ठिकाण, लिहून काढा. नाव, विभाग, रुजू तारीख, सोडल्याची तारीख यांचा मालक पगाराचं सॉफ्टवेअर. ईमेल पत्ता आणि लॉगिन नाव यांचा मालक मिडपॉइंट. टेबलावरच्या फोनचा अंतर्गत क्रमांक एडीत राहू द्या. एका माहितीला एकच मालक, यात तडजोड नको. विभागाचं नाव दोन्ही बाजूंनी बदलता येत असेल तर दिवसा आयटीने केलेला बदल रात्री पुसला जातो, सकाळी पुन्हा केला जातो, आणि दोष कनेक्टरला लागतो.

हजेरीच्या मशीनला 'माणूस कामावर आहे की नाही' याचा मालक कधीही करू नका. गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत कितीतरी जण सलग सुट्टीवर असतात. हजेरी नाही म्हणून खातं बंद करणारा नियम त्या आठवड्यात निम्मं ऑफिस बाहेर बसवेल. मशीनला फक्त माहिती द्यायची, त्याच्याकडून घ्यायची नाही.

न बदलणारा क्रमांक

पगाराचा कोड हा ओळखीचा आधार म्हणून पुरत नाही. बदली कामगार कायम झाला की बहुतेक ठिकाणी त्याला नवा कोड मिळतो, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने एक माणूस गेला व दुसरा आला असं होतं. भविष्य निर्वाह निधीचा १२ अंकी यूएएन नोकरी बदलली तरी तोच राहतो, पण नव्या माणसाचा तो यायला वेळ लागतो. म्हणून तीन रकान्यांचं एक छोटं टेबल ठेवा: व्यक्ती क्रमांक, पगार कोड, यूएएन. व्यक्ती क्रमांक एकदाच द्यायचा, पुन्हा कोणाला वापरायचा नाही. यूएएन आधीच असलेला माणूस परत आला तर त्याला जुनाच क्रमांक.

ही यादी एक्सेलमधून भरणार असाल तर सावध. १२ अंकी संख्या एक्सेल साध्या रकान्यात १.०१ई+११ अशी दाखवतं, आणि फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की तेवढंच उरतं. मागचे अंक परत मिळत नाहीत. ००४१७ चा ४१७ होतो तोही इथेच. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मग डेटा चिकटवा.

पगाराच्या डेटाबेसमध्ये व्ह्यू

मिडपॉइंटला मूळ टेबलं उघडी करू नका. एक व्ह्यू (मूळ टेबलांतले निवडक रकाने दाखवणारं आभासी टेबल) बनवा आणि फक्त त्या व्ह्यूवर वाचण्याची परवानगी असलेला वेगळा डेटाबेस युजर द्या. व्ह्यूत दर व्यक्ती क्रमांकाला एकच ओळ हवी: व्यक्ती क्रमांक, नाव देवनागरीत, नाव रोमन लिपीत, विभाग, रुजू तारीख, सोडल्याची तारीख, शेवटचा बदल. आधार, बँक खातं, पगार यांची इथे गरज नाही, म्हणून ते रकाने व्ह्यूत येताच कामा नयेत.

डेटाबेसचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी फाइल) मिडपॉइंटच्या होम फोल्डरमधल्या लिब फोल्डरात ठेवून सर्व्हर रीस्टार्ट करा. कनेक्टरमध्ये 'की कॉलम' (ओळ ओळखण्याचा रकाना) म्हणून व्यक्ती क्रमांक आणि चेंज लॉग कॉलम म्हणून 'शेवटचा बदल' द्या. या शेवटच्या रकान्यात तीन खोडी लपलेल्या असतात.

पहिली, व्ह्यू दोन टेबलं जोडून बनला असेल तर दोन्हींतली मोठी वेळ घ्यावी लागते. मायएसक्यूएलचं ग्रेटेस्ट फंक्शन एक जरी किंमत नल (रिकामी) असली तरी उत्तर नल देतं, आणि तो माणूस लाइव्ह सिंकला, म्हणजे फक्त नवे बदल उचलणाऱ्या कामाला, दिसतच नाही. प्रत्येक किमतीला कोअलेस (नलच्या जागी ठरलेली किंमत देणारं फंक्शन) लावा. दुसरी, लांब चाललेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये ओळीवर पडलेली वेळ जुनी असते आणि कमिट (बदल कायम होणं) नंतर होतं. तोवर कनेक्टर पुढे गेलेला असतो आणि बदल निसटतो. तिसरी, डिलीट झालेल्या ओळीला बदलाची वेळच नसते. या तिन्हींमुळे लाइव्ह सिंक एकट्यावर कधीच भागत नाही. दर ५ मिनिटांनी लाइव्ह सिंक आणि रोज रात्री पूर्ण रिकन्सिलिएशन (सगळ्या नोंदी दोन्हीकडे ताडून पाहणं), अशी जोडी लावा. पगार काढण्याचं आणि बॅकअपचं काम ज्या वेळी चालतं ती वेळ टाळा.

नावावरून जुळवू नका

एडीत आधीपासून असलेली खाती माणसांशी जोडणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे, आणि ते हातानेच करावं लागतं. नावावरून आपोआप जुळवायचा मोह होतो, पण सोलापुरात सिद्धाराम बिराजदार एकाच कारखान्यात दोन असणं अगदी शक्य आहे. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. रोमन लिपीत तेच आडनाव दोघे क्लार्क दोन तऱ्हांनी लिहितात.

देवनागरीतही तीच गत. 'कऱ्हाडे' हे आडनाव एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त असं उमटतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह असं. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, डेटाबेसला मात्र ती दोन वेगळी आडनावं वाटतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये साठवलेला डेटा तर युनिकोडच नसतो. तो आधी रूपांतरित करून घ्या. पगाराचं सॉफ्टवेअर ओरॅकलवर असेल तर रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजली आहे का तेही पाहा: देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणून ३० बाइटच्या रकान्यात काना-मात्रा धरून १० चिन्हंच मावतात.

तेव्हा एडीतल्या एम्प्लॉयी आयडी या रकान्यात व्यक्ती क्रमांक भरा, विभागप्रमुखांकडून यादी तपासून घ्या, आणि कोरिलेशनचा (खातं कोणत्या माणसाचं ते जुळवण्याचा) नियम फक्त त्या रकान्यावर लावा. जी खाती कोणाचीच नाहीत (बॅकअपचं, प्रिंटरचं, ॲडमिनिस्ट्रेटर, आणि सिंकसाठी वापरलेलं स्वतःचं) ती मिडपॉइंटमध्ये 'प्रोटेक्टेड' म्हणून नोंदवा. उरलेल्या अनमॅच्ड (कोणाशीच न जुळलेल्या) खात्यांवर सुरुवातीला कोणतीही कृती ठेवू नका, नुसती यादी काढा.

एडीकडे लिहिताना

कनेक्शन ६३६ पोर्टवर टीएलएसने (सांकेतिक जोडणीने) करा आणि एडीला प्रमाणपत्र देणाऱ्या सीएचं (सर्टिफिकेट ऑथॉरिटीचं) प्रमाणपत्र मिडपॉइंटच्या कीस्टोअरमध्ये टाका. सुरक्षित जोडणी नसेल तर एडी पासवर्ड स्वीकारत नाही. सर्व्हिस खात्याला डोमेन ॲडमिन करू नका. ज्या ओयूत (एडीतल्या खात्यांच्या कप्प्यात) माणसांची खाती आहेत तेवढ्यावरच अधिकार सोपवा. त्रुटी ४९ आणि डेटा ५२ई आलं तर युजर किंवा पासवर्ड चुकला. त्रुटी ५३ सोबत ०००००५२डी दिसलं तर नव्या खात्याचा पासवर्ड डोमेनच्या नियमात बसत नाही. मिडपॉइंटमधलं पासवर्ड धोरण एडीइतकंच कडक करा.

लॉगिन नावाला एडीत २० अक्षरांची मर्यादा आहे. रोमन लिपीत 'सिद्धेश्वर.बिराजदार' मधला बिंदू धरून बरोबर २० भरतात. याच नावाचा दुसरा माणूस आला, शेवटी २ लागला, की २१ होतात आणि खातं बनत नाही. म्हणून मूळ नाव १८ अक्षरांवर तोडा आणि आकड्याला जागा ठेवा. या मॅपिंगची (एका रकान्यातून दुसरा भरण्याच्या नियमाची) स्ट्रेंथ 'वीक' ठेवा, म्हणजे आधीचं लॉगिन नाव असेल तर ते बदललं जाणार नाही.

सोडल्याची तारीख मिडपॉइंटच्या 'व्हॅलिड टू' मध्ये घ्या. ३१ मार्च ही तारीख तशीच घेतली तर खातं ३१ च्या मध्यरात्री, म्हणजे शेवटचा दिवस सुरू होतानाच बंद पडतं. रात्रपाळीचा माणूस तर दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो. त्यामुळे पुढच्या दिवशी दुपारी १२ ही वेळ घ्या, आणि सर्व्हर व जावा दोन्हींचा टाइमझोन एशिया/कोलकाता आहे याची खात्री करा. आणखी एक गोष्ट हमखास चुकते: 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टेटस' ला मॅपिंगने 'एनेबल्ड' अशी किंमत दिली, तर ती तारखेवर मात करते आणि खातं कधीच बंद होत नाही. तो रकाना रिकामा सोडा.

खातं एडीतून लगेच डिलीट करू नका. ते डिसेबल होऊ द्या (नेहमीच्या खात्याचं युजर अकाउंट कंट्रोल ५१२ चं ५१४ होतं), ग्रुपमधून काढा, वेगळ्या ओयूत हलवा. फाइल आणि मेल त्याच्या जागी आलेल्या माणसाकडे सोपवून झाल्यावर ९० दिवसांनी डिलीट केलं तरी चालतं.

पहिली धाव आणि रिकामी यादी

४.७ आवृत्तीपासून मिडपॉइंटमध्ये सिम्युलेशन आहे: काय बदलेल ते दिसतं, प्रत्यक्षात काही बदलत नाही. रिसोर्स (मिडपॉइंटमधली जोडलेल्या यंत्रणेची नोंद) 'प्रपोज्ड' स्थितीत ठेवून आधी सिम्युलेशन चालवा आणि निकालातली 'डिसेबल' झालेली प्रत्येक ओळ एचआरला दाखवा. मग एका विभागावर, समजा लेखा विभागावर, आणि त्यानंतर सगळीकडे.

सर्वांत मोठा धोका मात्र रोजच्या धावेत असतो. वीज गेली आणि डेटाबेस सर्व्हर बंद पडला तर कनेक्टर त्रुटी देतो, काम थांबतं, कोणाचं काही बिघडत नाही. पण पगाराच्या सॉफ्टवेअरच्या अपग्रेडमध्ये टेबल रिकामं झालं, किंवा वर्ष बदलताना व्ह्यूची अट जुन्याच आर्थिक वर्षावर राहिली, तर व्ह्यू विनातक्रार शून्य ओळी देतो. सॉफ्टवेअर ते खरं मानतं आणि सकाळच्या पाळीआधी सगळ्यांची खाती बंद होतात. रिकन्सिलिएशनच्या आधी ओळी मोजणारी एक छोटी स्क्रिप्ट लावा: आदल्या रात्रीपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त ओळी कमी असतील तर काम सुरूच होऊ नये आणि आयटीला एसएमएस जावा. टास्कवरही बदलांची कमाल मर्यादा घाला. हंगामी कामगार एकदम कमी होतात त्या दिवशी ही मर्यादा आड येईल, आणि तेव्हा माणसाने यादी पाहून पुढे जाऊ देणं हेच योग्य.

एखाद्याला तडकाफडकी काढलं तर पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ती नोंद बहुधा महिनाअखेरीस पडते. अशा वेळी खातं थेट एडीत बंद केलं, तर रात्रीचं रिकन्सिलिएशन ते पुन्हा चालू करतं, कारण मिडपॉइंटच्या लेखी तो माणूस अजून कामावर आहे. बंद करायचं ते मिडपॉइंटमध्येच, त्याच ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टेटसला 'डिसेबल्ड' करून. मग एडी, मेल आणि बाकीची जोडलेली खाती एकत्रच बंद होतात. हा अधिकार एचआरच्या दोन माणसांना द्या आणि त्यांचे मोबाइल नंबर गेटवरच्या सुरक्षा केबिनमध्ये लावून ठेवा.