वसईच्या किल्ल्यात १७३९ साल कसं वाचायचं

मी वसईजवळच्या पापडीची. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायचं काम माझ्याकडे असतं. किल्ल्यातल्या पडक्या सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याखाली उभं राहून प्रत्येक जण एकच विचारतो, "ही चर्च मराठ्यांनी पाडली का गं?" एका शब्दात उत्तर देता येत नाही. ते स्वतःच्या डोळ्यांनी शोधायचं असेल तर असं करा.

पावसाळा संपला की जा, आणि सकाळी लवकर जा. वसई रोड स्टेशनवरून किल्ला बंदरची बस मिळते. पायात बूट घाला, कारण गवतात पाय कुठे पडेल सांगता येत नाही.

दोन गोष्टी आधी डोक्यात पक्क्या करा. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. सेबॅस्टियन बुरूज सुरुंगाने उडवला, तेव्हा कुठे किल्ला नमला. पण शेवट कत्तलीने झाला नाही, तहाने झाला. पोर्तुगिजांना बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन निघून जायची मुदत मिळाली.

आता सेंट जोसेफपाशी या आणि वर बघा. छप्पर नाही, पण दर्शनी भिंत आणि मनोरा उभे आहेत. देऊळ किंवा चर्च मुद्दाम भुईसपाट करणारा माणूस मनोरा कशाला सोडेल? मला तरी या भिंतींत घणापेक्षा पाऊस आणि पिंपळच जास्त दिसतो. शहर ओस पडलं, डागडुजी करणारं कोणी उरलं नाही. मनोऱ्याच्या गोल जिन्यावर मात्र चढू नका.

सगळ्यात जास्त वेळ फ्रान्सिस्कन चर्चला द्या. तिथल्या जमिनीत पोर्तुगिजांच्या थडग्यांच्या फरशा आहेत. उन्हं तिरपी असताना गुडघ्यावर बसा, पालापाचोळा हाताने हळूच बाजूला करा. भर दुपारी कोरा दिसणारा दगड सकाळी बोलायला लागतो: आधी ढालीचं चिन्ह, मग अक्षरं. 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं, हा शब्द शोधा. त्यात 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो. खडूने अक्षरं भरू नका, कळकळीने सांगते. माणसं गेली, पण त्यांचे आईबाप या फरशांखाली राहिले.

मग किल्ल्यातल्याच नागेश्वराच्या देवळात जा. किल्ल्याचे धनी बदलले ते इथे दिसतं. आणि पोर्तुगिजांनीही वसईजवळच्या निर्मळची देवळं मोडली होती, हे आम्ही ख्रिस्ती माणसांनी विसरून चालणार नाही. मी मुलांना दोन्ही सांगते.

चर्चच्या घंटा इथे सापडणार नाहीत, त्या विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला जाल तेव्हा मान वर करून बघा. मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. त्या घंटेखाली पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला रडू आलं. ती तिथे रोज भक्तांच्या डोक्यावर आहे, वितळवून तोफेत गेली नाही, हेही त्याच क्षणी मनात आलं.

शेवटी लोकांकडे या, ते दगडांत दिसत नाहीत. गोरे पाद्री गेले, त्यांच्या जागी गोव्याकडचे देशी धर्मगुरू आले. शेती करणारे आणि मासे मारणारे ख्रिस्ती कुठेही गेले नाहीत. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. किल्ल्यातल्या जेझुइट चर्चमध्ये त्यांचा सण अजून होतो. जमल्यास रविवार धरा आणि किल्ला बघून झाल्यावर पापडीच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, या. मिस्सा मराठीत असते, आणि पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या दोन-चार म्हाताऱ्या अजून दिसतात.