घरच्या जागेसाठी ट्रॅक्टर घेताय? एचपी सगळ्यात शेवटी बघा

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास किती एचपीचा, आणि माझ्या मते गडबड इथंच होते. आधी वर्षभरात ट्रॅक्टरकडून काय काय करून घ्यायचंय ते कागदावर लिहा, गवत कापणं, माती उचलणं, बागेत रोटाव्हेटर, ट्रॉली ओढणं, जे असेल ते. त्यावरून अवजार ठरतं आणि अवजारावरून ट्रॅक्टर.

आता गवताचंच बघा. मागे जोडायच्या स्लॅशरला दर फूट रुंदीमागे साधारण ५ एचपी धरतात, म्हणजे ४ फुटीला २०. पण हे २० पीटीओला, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, मिळायला हवेत, बॉनेटवरचा इंजिनचा आकडा धरू नका. इंजिनची १० ते २० टक्के ताकद वाटेतच जाते, त्यामुळे २५ च्या आसपासचं इंजिन लागतं. रोटाव्हेटर घेताना रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडी जास्तच घ्या, नाहीतर तुम्ही माती भुसभुशीत करत जाणार आणि शेजारून चाक ती परत दाबत जाणार.

जागा एखाद-दोन एकर असेल तर २० ते २५ एचपीत बहुतेकांचं भागतं. पाच एकरांच्या पुढे गवत कापायचं असेल तर मोठा बघा, कारण लहान ट्रॅक्टरने काम होतं हो, पण रविवार सगळा त्यातच जातो.

टेप घेऊन गेटची रुंदी, शेडची उंची आणि दोन झाडांमधलं अंतर मोजा. हे कोणी करत नाही आणि मग मागची रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी चौकट) शेडच्या पत्र्याला लागते. रोज खाली करता येईल म्हणून घडीची रोलबार घेतात, पण ती उभी असताना सीटबेल्ट लावायचा आणि दुमडलेली असताना लावायचा नाही, एवढं पक्कं डोक्यात ठेवा. उभी रोलबार आणि बेल्ट दोन्ही असतील तरच ट्रॅक्टर उलटल्यावर जीव वाचायची आशा. उतारावर वजन खाली आणि चाकांमधलं अंतर जास्त असलेला ट्रॅक्टर बरा.

लोडर (पुढे बसवायची माती उचलणारी बकेट) हवा असेल तर जरा नीट विचार करा. ०.२ घनमीटरच्या बकेटमध्ये ओली माती भरली की साडेतीनशे किलोच्या आसपास जाते, वर बकेटचं वजन वेगळं. माहितीपत्रकातला उचलण्याचा आकडा बऱ्याचदा बकेट जिथे जोडतात त्या पिनपाशी मोजलेला असतो, वजन त्याच्या पुढे असतं त्यामुळे प्रत्यक्षात कमीच उचलतं. अवजार उचलणाऱ्या मागच्या लिफ्टचंही तेच, आकडा लिंकच्या (अवजार जोडायच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलाय की त्याच्या ६१० मिलिमीटर मागे, हे विचारा. लोडर असेल तर फोर व्हील ड्राइव्ह घ्याच, कारण पुढे वजन आलं की मागची चाकं हलकी होऊन नुसती फिरतात. तरी मागे वजन लावावंच लागतं, अवजार लटकवा नाहीतर टायरमध्ये पाणी भरा.

गिअर की हायड्रोस्टॅटिक (गिअर न बदलता तेलाच्या दाबावर चालणारा)? लोडरने सतत मागे-पुढे करायचं असेल किंवा घरातले सगळेच चालवणार असतील तर हायड्रोस्टॅटिकसारखं सुख नाही, पायाने पेडल दाबा, पुढे, मागे, झालं. फक्त थोडी ताकद खातं आणि महाग पडतं. सरळ ओळीत नांगरट, रोटाव्हेटर एवढंच असेल तर गिअरवाला मस्त.

गिअरवाला घेतलात तर पीटीओचा क्लच वेगळा आहे का हे विचाराच विचारा. जुन्या सिंगल क्लचवाल्यात क्लच दाबला की स्लॅशरपण थांबायला हवा, पण जड पातं फिरतच राहतं आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतं, समोर कुंपण असेल तर मग बघायलाच नको. असा ट्रॅक्टर आधीच घरी असेल तर पीटीओ शाफ्टवर ओव्हररनिंग क्लच (पात्याचा जोर उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा) बसवून घ्या. पीटीओ ५४० आरपीएमचा असला म्हणजे घरगुती अवजारांचं काम झालं, आणि थ्री पॉईंट लिंकेज (मागे तीन ठिकाणी अवजार जोडायची व्यवस्था) कॅटेगरी एक मापाचं असेल तर अवजारं सहज मिळतात.

टायर कुठले? लॉन असेल तर गवत न दुखावणारे टर्फ टायर, चिखल असेल तर खोल गट्ट्यांचे, आणि दोन्ही असेल तर... लॉनचा थोडा मोह सोडा किंवा मधले इंडस्ट्रियल टायर घ्या. कॅबिन, रेडिओ वगैरे नंतर बघू. ट्रायलला मात्र स्वतःचं अवजार जोडून बघा, आणि तुमच्याच उतारावर, शोरूमच्या सिमेंटवर नाही.