नाटकाच्या धंद्यात यायचंय? मी सोलापुरातून कशी आले ते सांगते

दर वर्षी युथ फेस्टिव्हल संपलं की मला मेसेज सुरू होतात, ताई नाटकात करिअर करायचंय, एनएसडीचा फॉर्म कसा भरायचा. आता अ‍ॅक्टिंगबद्दल मी काय सांगणार, मी नाटक आणते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या नाटकांचे प्रयोग सोलापुरात लावायचे, हॉलची तारीख, तिकीट, जाहिरात, मुक्काम, जेवण सगळं बघायचं. गेली नऊ वर्षं माझं घर यावर चालतंय आणि या कामाबद्दल मात्र कुणीच विचारत नाही, म्हणून लिहितेय.

आधी फॉर्मचं. एनएसडी म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, 1959 ला सुरू झालं, दिल्लीत मंडी हाऊसजवळ आहे, कोर्स तीन वर्षांचा, ग्रॅज्युएशन लागतं आणि किमान सहा नाटकांत काम केलेलं असावं लागतं. सोलापुरात नाट्य आराधना या ग्रुपमधून काम केलेले नट अतुल कुलकर्णी 1995 ला तिथून पास झाले, त्यामुळे इथून पोचता येतं हे नक्की. पण जागा मोजक्या असतात आणि नाटकाचं वेड असलेली पोरं आपल्याच गावात किती आहेत बघा, बाकीच्यांनी काय करायचं?

मी स्वतः तिथं गेले ती भारंगम बघायला, म्हणजे भारत रंग महोत्सव, 1999 पासून एनएसडी भरवते. नाटकं बघितलीच पण माझं लक्ष सारखं गेटकडं, कारण मणिपुरी नाटक, भाषेचा एक शब्द कळत नाही आणि तरी थंडीत एवढी मोठी लाइन. एनएसडीच्या कॅम्पसमधून निघालं की श्रीराम सेंटर, कमानी ही नाट्यगृहं सगळी चालत जायच्या अंतरावर, एक प्रयोग सुटला की माणसं दुसरीकडं पळतायत, मधे चहावाला, मोमोवाला, रिक्षावाले, बाहेरगावच्या ग्रुपांनी भरलेले लॉज. सेटवाले, कपडेपटवाले, लाइटवाले तर धरलेच नाहीत. एका नाटकावर किती घरांची चूल पेटते हे मी तिथं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. आणि हेही कळलं की नुसत्या तिकिटावर ते मणिपुरी नाटक तिथपर्यंत आलंच नसतं, त्यामागं सरकारचा पैसा आहे. राष्ट्रीय संस्था असण्याचा मला समजलेला अर्थ हाच, की जे बाजारात आपोआप येत नाही ते आणायचं आणि ते बघायला माणसंही तयार करायची.

लंडनच्या नॅशनल थिएटरचं उदाहरण मी सारखं देते. त्यांना सरकारी अनुदान आहे, पण तेवढ्यावर ते बसून नाहीत. 2007 ला त्यांनी वॉर हॉर्स केलं, त्यात घोडे म्हणजे मोठ्या बाहुल्या, माणसं आत शिरून चालवतात. असला प्रयोग करायला अनुदानाचा आधार होता म्हणून जमलं, नंतर ते नाटक व्यावसायिक थिएटरात गेलं, वर्षानुवर्षं चाललं आणि नफा परत संस्थेकडं आला, त्यातून पुढची नाटकं. 2009 पासून ते नाटकं शूट करून जगभर थिएटरात दाखवतात, मी मुंबईत एनसीपीए नावाच्या कलाकेंद्रात तशी बघितलीत. पण माझ्या सगळ्यात कामाला आली ती त्यांची 2003 ची स्कीम, स्पॉन्सर धरून बऱ्याच खुर्च्या दहा पाउंडात दिल्या होत्या. ती कशी कामाला आली ते सांगते, आधी माझं नुकसान ऐका.

दुसऱ्याच वर्षी मी 13 जानेवारीची तारीख घेतली. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गावात एवढी गर्दी असते तर हॉल भरेलच असं मला वाटलं, आणि नाटकवाल्यांकडंही तीच तारीख मोकळी होती. जत्रेतल्या अक्षता सोहळ्याचा दिवस ओ! सगळं गाव मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या मागं, रस्ते बंद, आणि हुतात्मा स्मृती मंदिर या आमच्या नाट्यगृहात तिसरी घंटा झाली तेव्हा मी विंगेतून मोजली, 94 माणसं. कलाकारांनी प्रयोग पूर्ण ताकदीनं केला, त्याचं आजही मला लै वाईट वाटतं. घरी आल्यावर पप्पांनी (आमचा टॉवेलचा धंदा) एवढंच विचारलं, माल विणायच्या आधी गिऱ्हाईक बघितलं होतं का?

तिथून मी गिऱ्हाईक बघायला लागले. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं किती आहेत, मराठी नाटक त्यांना कळतं, आवडतं, फक्त कुणी त्यांच्या गल्लीत जाऊन बोलावत नाही. मी पूर्व भागात जाऊन तेलुगूत पत्रकं वाटली. आणि लंडनच्या त्या दहा पाउंडांच्या स्कीमसारखं एका चादर व्यापाऱ्याला स्पॉन्सर धरून मागच्या पाच रो कॉलेजच्या पोरांना 50 रुपयांत दिल्या, पडद्याआधी त्या व्यापाऱ्याच्या दुकानाचं नाव घ्यायचं एवढंच. पहिल्या प्रयोगाला त्या रो अर्ध्या भरल्या, चौथ्याला पोरं पायऱ्यांवर बसायला मागत होती, आणि त्यातली काही आता पुढच्या रोची पूर्ण तिकिटं काढतात. संस्कृती आणि धंदा वेगळे काढून दाखवा मला यातून.

नवीन असाल तर सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालू नका. आधी दुसऱ्याच्या हाताखाली दहा-बारा प्रयोग करा. खर्चाची वही ठेवा, पार्टीचे (म्हणजे नाटकवाल्यांचे) पैसे, हॉलभाडं, डिपॉझिट, जाहिरात, जेवणं, आणि हॉल साठ टक्के भरला तर काय उरतं ते आधी मांडा, हाऊसफुल धरून कधीच नाही. नाटकाचं तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही, त्यामुळे पहिल्या रोचा दर ठरवताना हे डोक्यात पाहिजे. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं सर्टिफिकेट आहे का ते निर्मात्याकडून आधीच मागा. तारीख घेण्याआधी पंचांग, परीक्षा आणि क्रिकेटची मॅच तिन्ही बघा.

ऑनलाइन बुकिंग आलं तरी आमच्याकडं निम्मी तिकिटं अजून खिडकीवरच जातात. तिथं कागदाचा प्लान पसरलेला असतो, विकलेल्या खुर्चीवर लाल फुली, फोनवर ठेवलेल्यावर निळी. काकू येतात, म्हणतात मागच्या वेळी खांबामागं बसवलंत, तेव्हा कुठली खुर्ची कुणाला द्यायची हे तिथंच शिकायला मिळतं. राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग सुरू झाले की हुतात्माला या, संध्याकाळी पाचला, आणि खिडकीवर बसायचंय म्हणून सांगा. लाल आणि निळी पेन्सिल मी देते.